अप्पांनी केलेलं एक व्याख्यान

अप्पांच्या दशक्रियेला उल्हास नदीच्या घाटावर तीन भाषणं झाली. तिन्ही चांगली होती. वक्ते सरावाचे होते, माइकने त्रास दिला नाही, कोणी फार वेळ घेतला नाही. मला मोजायची खोड आहे, त्यामुळे बसल्या बसल्या लक्षात आलं की 'मनमिळाऊ' हा शब्द चार वेळा आला, 'हसतमुख' तीन वेळा, आणि 'कधीही भरून न निघणारी पोकळी' प्रत्येकाकडे एकेक होती. अप्पा हसतमुख नव्हते. त्यांचा चेहरा 'तुमची गोळी सध्या बाजारात नाही' असं सांगणाऱ्या माणसाचा होता, आणि गोळी दुकानात असली तरी तो तसाच असे.

तिसरं भाषण चालू असताना लांबून आगगाडीचा आवाज आला. वक्त्यांनी आवाज चढवला आणि वाक्य पुरं केलं. बायकांच्या बाजूला बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी तेव्हा मान खाली घातली आणि पदर तोंडाशी नेला. त्या रडत नव्हत्या, हसत होत्या. का, ते तिथे फक्त तिघांना ठाऊक होतं. एक त्या स्वतः, दुसऱ्या आमच्या काकू, म्हणजे अप्पांच्या पत्नी, आणि तिसरा मी. घाटावर मला कोणी बोलायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मला जमलं नसतं. म्हणून हे लिहितो आहे.

कर्जतच्या बाजारात अप्पांचं औषधांचं दुकान होतं. घराणं गावातलं जुनं. आजोबा वैद्य होते, वडिलांनी दुकान काढलं, अप्पांनी ते चालवलं. आडनावाने त्यांना कोणी ओळखत नसे. 'मेडिकलवाले अप्पा' एवढं पुरे. आमचं आणि त्यांचं घर भिंतीला भिंत लागून आहे. मी साजगावच्या एका कारखान्यात हिशोब बघतो. सकाळी खोपोलीची गाडी धरायची आणि संध्याकाळी परतायचं, हा माझा क्रम. परतल्यावर अप्पांच्या ओट्यावर थोडा वेळ बसायचं, हाही क्रमच होता.

अप्पा सगळ्यांना 'अहो' म्हणत. आईचं बोट धरून आलेल्या चार वर्षांच्या मुलीलाही ते काउंटरवरून वाकून विचारत, "बोला, आपल्याला काय देऊ?" मला ते नावाने कधी हाक मारत नसत. "या हिशोबनीस," म्हणत. गोळ्यांची पट्टी कापायची असेल तर तारखेचा तुकडा दुकानात राहील अशी कापत आणि तारीख गिऱ्हाइकाच्या पाकिटावर स्वतःच्या हाताने लिहून देत. कोणाला कसलं औषध चालू आहे, हे तालुक्यात डॉक्टरांच्या खालोखाल त्यांना ठाऊक असेल. पण विषय निघाला की ते एवढंच म्हणत, "दुकानातलं दुकानात." काकूंनाही ते सांगत नसत. काकूंची त्यावर कायमची तक्रार होती. "यांच्या पोटात गावभरची दुखणी आहेत, म्हणून यांना भूक लागत नाही," असं त्या म्हणत.

अशा मोजून बोलणाऱ्या माणसाला भाषणाचा नाद होता, हे नवख्याला खरं वाटत नसे.

आमच्या भागात दहाव्याला घाटावर भाषणं होतात. बाहेरून आलेल्यांना याचं नवल वाटतं, पण आम्हाला त्यात वेगळं काही वाटत नाही. आधी प्रवचन होतं, मग गावातले तीन-चार जण उठून गेलेल्या माणसाबद्दल बोलतात, मग पिंडाला कावळा शिवायची वाट बघायची. कोणाच्या दहाव्याला कोण कोण बोललं, हे लोकांच्या पुढे बरेच दिवस लक्षात राहतं. ज्याच्या दहाव्याला कोणीच बोललं नाही, त्याच्या घरच्यांना ते लागतं. बोलून दाखवत नाहीत, पण लागतं.

पूर्वी एका दहाव्याला ठरलेले वक्ते आलेच नाहीत आणि माइक फिरत फिरत अप्पांच्या हातात आला. ते बोलले. आवाज भरदार, शब्द शुद्ध, कुठे अडखळणं नाही. तेव्हापासून त्यांना बोलावणी येऊ लागली. दुकानात फोन यायचा, "अप्पा, रविवारी दहावा हाय. तुमी चार शब्द बोलायचे." मग अप्पा वय विचारत, काम विचारत, मुलं किती ते विचारत, पण लक्षात फक्त आडनाव ठेवत. भाषणात ते नेहमी 'कैलासवासी भोईर', 'कैलासवासी गायकर' असंच म्हणत. नुसतं नाव घेणं त्यांना सलगीचं वाटे.

आदल्या दिवशी घरी तालीम होई. अप्पा दाराच्या चौकटीत उभे राहून बोलत आणि काकू समोर कोथिंबीर निवडत बसत. मी एकदोनदा ती ऐकली आहे. कष्टातून वर येणं, मुलांवर संस्कार, सर्वांशी गोड वागणं, देहाचं नश्वर असणं, हे सगळं त्यात क्रमाने असे. एकदा त्यांचं बोलणं संपल्यावर काकू म्हणाल्या, "छान. पण यात मेलेला माणूस कुठे आहे हो? मी मघापासून शोधतेय."

"तो सगळीकडेच आहे," अप्पा म्हणाले.

"मला तर सगळीकडे तुम्हीच दिसलात," काकू म्हणाल्या आणि देठं उचलून आत गेल्या.

अप्पांनी हे मनावर घेतलं नाही. पुढे घ्यावं लागलं.

त्या रविवारी पळसदरीच्या अलीकडच्या एका वाडीतून त्यांना बोलावणं होतं. बाळाराम भोईर नावाचे रेल्वेतले गँगमन वारले होते. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी ठाकुरवाडीच्या बाजूला, डोंगरघाटातल्या रुळांची निगा राखण्यात काढली होती. अप्पांना ते तोंडओळखीचे होते. दर महिन्याला बायकोच्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येत, एक शब्द न बोलता चिठ्ठी पुढे करत आणि पाकीट घेऊन जात. फोन त्यांच्या जावयाने केला होता. मी अप्पांना स्कूटरवरून घाटावर घेऊन गेलो.

घाटावर त्या दिवशी दोन दहावे होते. एकाचा मोठा मंडप, फ्लेक्स, भोंगे, शंभर-दीडशे खुर्च्या. दुसरा पलीकडे, झाडाखाली, सतरंजीवर. मोठा मंडप कळंबकडच्या भोईरांचा होता. अप्पा मंडपाशी पोचताच कोणी तरी म्हणालं, "या अप्पा, भोईरांकडं ना? बसा, बसा." त्यांना पुढे बसवलं आणि थोड्या वेळाने माइक हातात दिला. फ्लेक्सवर फोटो होता, नाव होतं. पण अप्पा फ्लेक्सकडे कधी बघत नसत. त्यांचं सगळं लक्ष माइककडे असे. मी स्कूटर लावून आलो तोवर ते बोलायला उभे राहिले होते, आणि मलाही काही वेगळं वाटलं नाही.

भाषण उत्तम झालं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. थोरल्या मुलाने अप्पांच्या खांद्यावर शाल घातली आणि भरल्या आवाजात म्हणाला, "अप्पा, आमचे बाबाच डोळ्यांसमोर उभे केलेत तुम्ही."

मंडपातून बाहेर पडताना एक जण आडवा आला. तो बाळारामांचा जावई होता.

"अप्पा, तुमी आमच्याकडं बोलनार व्हता ना?"

"आत्ताच बोललो की," अप्पा म्हणाले.

"त्ये कळंबचे भोईर. आमी पळसदरीचे. आमी तिकडं हाव, झाडाखाली. वाट बघितली तुमची."

अप्पांनी झाडाकडे बघितलं. मग शाल काढून हातात घेतली आणि म्हणाले, "चला. आत्ता येतो. आत्ता बोलतो."

"आता काय बोलता. कावळा शिवला. मान्सं उठली."

तरी अप्पा गेले. सतरंजी घडी घालून ठेवली होती. बाळारामांच्या पत्नी सगुणाबाई एका दगडावर बसून भांडी पिशवीत भरत होत्या. अप्पांनी हात जोडले आणि म्हणाले, "ताई, माझ्याकडून चूक झाली." बाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"ऱ्हाऊ द्या अप्पा," त्या म्हणाल्या. "त्यांना बी कुटं चार मान्सांत बोलाय आवडायचं." मग पिशवीचं तोंड बांधता बांधता, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "फकस्त कोनीच काय बोललं नाय त्यांच्याबद्दल. येवढंच."

आम्ही घरी आलो. शाल ओट्यावरच्या खुर्चीच्या पाठीवर पडून राहिली. काकूंनी माझ्याकडून सगळं ऐकलं आणि नवल म्हणजे टोमणा मारला नाही. चहा ठेवायला आत गेल्या.

मला वाटलं, अप्पांना चुकीच्या मंडपात गेल्याचं वाईट वाटत असेल. ते होतंच, पण टोचत होतं दुसरंच.

"त्या मुलाने मला सांगितलं, बाबाच उभे केलेत," अप्पा म्हणाले. "त्याच्या बाबांना मी आयुष्यात पाहिलेलं नाही हो हिशोबनीस. मग मी उभं कोणाला केलं?"

मी चपला काढून शेजारी बसलो.

"भाषण म्हणजे काय, सांगा बघू."

"बोलणं," मी म्हणालो.

"बरोबर. भाष् हा धातू. भाष् म्हणजे बोलणं. संपलं. कोणाबद्दल बोललं, ऐकणाऱ्याला काय मिळालं, याची त्यात अट नाही. तोंडातून निघालं की भाषण झालं. माझं आज झालं. आता व्याख्यान घ्या."

"ते मागून घ्या, आधी चहा घ्या," काकू कप ठेवत म्हणाल्या.

अप्पांनी कप हातात घेतला, प्यायले नाहीत. "त्यात ख्या आहे. ख्या म्हणजे सांगणं, पण असं सांगणं की माहीत होईल, ओळख पटेल. ख्याती त्यातूनच आली, आख्यानही त्यातूनच. त्याच्या आधी आ लागला, त्याच्याही आधी वि लागला. वि म्हणजे वेगळं करून, सुटं करून. म्हणजे एखादी गोष्ट बाकीच्या सगळ्यांपासून वेगळी करून, उलगडून, समोरच्याला माहीत करून द्यायची. ती त्याला ओळखू आली, तर ते व्याख्यान. मी इतकी वर्षं घाटावर उभा राहतोय. एकही व्याख्यान केलेलं नाही. सगळी भाषणं."

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमची संख्या पण त्याच ख्याची. सम् आणि ख्या. सगळं एकत्र घेऊन नीट सांगणं. तुमची बेरीज चुकीच्या खात्यात गेली तर तुम्ही म्हणाल का, बेरीज तर सुंदर होती?"

मला कोणाचं म्हणणं तपासल्याशिवाय पटत नाही. दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातल्या एका जाणकाराकडून खात्री करून घेतली, नंतर शब्दकोशही पाहिला. धातू अप्पा म्हणाले तेच होते. संख्या खरोखरच त्या कुळातली निघाली. व्याख्यानाचा अर्थ मात्र कोशात स्पष्टीकरण, विवरण असा दिला आहे. भाषण आणि व्याख्यान यांच्यात अप्पांनी काढलेली रेघ तिथे इतकी ठळक नाही. ती रेघ अप्पांची. त्यांनी ती त्या संध्याकाळी स्वतःसाठी काढली, एवढं इथे नोंदवून ठेवतो.

त्यानंतर अप्पांनी घाटावर जाणं बंद केलं. फोन आला की "घसा बसलाय" म्हणत. एकदा कोणी घरीच आलं तेव्हा काकू म्हणाल्या, "घसा ठणठणीत आहे. माणूसच बसलाय. उठला की कळवू."

पण दर महिन्याला एका रविवारी ते मला स्कूटर काढायला लावत. सगुणाबाईंच्या गोळ्या पोचवायच्या असत. पूर्वी त्या बाळाराम नेत, आता न्यायला कोणी नव्हतं. जावई लांब राहायचा. कारण खरं होतं. पण गोळ्या दिल्यावरही अप्पा उठत नसत. अंगणात बसून विचारत, "ताई, बाळाराम कसे होते?"

"चांगले व्हते," सगुणाबाई म्हणत.

"म्हणजे कसे?"

"म्हंजे... चांगले. वंगाळ काय नव्हतं त्यांच्यात."

परतताना अप्पा मागच्या सीटवरून म्हणत, "हे तर मी घाटावर न विचारता सांगितलं असतं."

दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला शेजारचा एक भाऊबंद येऊन बसला. अप्पांनी त्यालाही विचारलं. तो म्हणाला, "बाळादा? त्यो बोलायचाच नाय. जनू तोंडच नव्हतं त्याला."

सगुणाबाई एकदम म्हणाल्या, "बोलायचे की. माज्याशी बोलायचे. तुज्याशी काय बोलायचं रं? तू आला की तुजीच टकळी."

भाऊबंद हसला. "आता वैनी बोलती त्ये खरं."

असं हळूहळू काही काही हाती येऊ लागलं. बाळाराम गरम भाकरी खात नसत. डब्यातली गार खायची सवय लागली होती. पायताणं काढताना त्यांची तोंडं दाराबाहेर करून ठेवत, म्हणजे उठलं की पाय घालून निघता येईल. पावसाळ्यात घरी आले तरी छपराकडे न बघता डोंगराकडे बघत. अप्पा ऐकत, मान हलवत. लिहून काही घेत नसत. मी एकदा म्हटलं, बरंच जमलं की आता. अप्पा म्हणाले, "या सगळ्या वस्तू आहेत. माणूस अजून घरी आलेला नाही."

तो आला थंडीच्या दिवसांत. आम्ही अंगणात बसलो होतो. सगुणाबाई वाल सोलत होत्या आणि मुलीच्या लग्नातली गोष्ट सांगत होत्या. "वऱ्हाड आलं नि मांडवात पानी नाय. मी म्हनलं आता काय करायचं, तर हे उठले नि—"

डोंगरघाटाकडे जाणारी मालगाडी आली. रूळ त्यांच्या घरापासून फार लांब नाहीत. चढाची गाडी, पुढेही इंजिनं, मागेही इंजिनं, वेग कमी. सगुणाबाई थांबल्या. हात वालाच्या शेंगेवर तसाच राहिला. नजर समोर, कुठेही नाही. सगळी गाडी गेली, मागच्या इंजिनांचा आवाजही विरला, आणि त्या म्हणाल्या, "—नि घागर घिऊन सोताच गेले विहिरीवर."

अप्पा पुढे वाकले. "ताई, मध्येच का थांबलात?"

"कदी?"

"आत्ता. 'हे उठले नि' म्हणालात आणि थांबलात."

सगुणाबाई विचारात पडल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. "अवो, ही त्यांची खोड. रुळावर गाडी आली की बाजूला व्हायचं नि गप ऱ्हायचं, नायतर कानाला काय कळत नाय. घरी बी तसंच. किती बी बोलत आसले तरी गाडी आली की गप. गाडी गेली की जितनं सोडलं तितनं धरायचं. एक शबूद इकडं नाय की तिकडं नाय. मी भांडायची, तर निम्मं भांडान आदी नि निम्मं गाडी गेल्यावर." त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "मला बी लागली व्हय ती? मला म्हाईतच नाय."

अप्पांनी पुढे काही विचारलं नाही. परतताना कर्जत जवळ येईपर्यंत ते रुळांकडे बघत होते. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून एकच शब्द बोलले. "सापडले."

वर्षश्राद्धाला अप्पांनी आपणहून निरोप धाडला की मी येतो आणि बोलतो. काकूही आल्या. आदल्या दिवशी तालीम झाली नव्हती, त्यामुळे काकूंना जरा काळजी होती. "कागद तरी घेतलाय का?" त्यांनी स्कूटरवर बसता बसता विचारलं. त्या दिवशी मी दोन फेऱ्या केल्या.

अंगणात वीसेक माणसं होती. माइक नव्हता, मंडप नव्हता. जेवणाआधी अप्पा उठले. ते कैलासवासी म्हणाले नाहीत.

"बाळाराम भोईर," ते म्हणाले. "दर महिन्याला ते माझ्या दुकानात यायचे. इतक्या वर्षांत ते माझ्याशी किती शब्द बोलले, ते मी बोटांवर मोजून सांगू शकेन. मी समजत होतो की ते अबोल आहेत. या घरात आल्यावर मला कळलं, ते अबोल नव्हते. ते कोणाशी बोलायचं ते ठरवून होते."

भाऊबंद खाली बघून हसला.

अप्पा सांगत गेले. गार भाकरी, पायताणांची तोंडं, विहिरीवर स्वतः घेऊन गेलेली घागर. आवाज दुकानातल्यासारखा, घाटावरच्यासारखा नाही. "पावसाळ्यात माणूस घरी आला की पहिल्यांदा छपराकडे बघतो, कुठे गळतंय का. बाळाराम डोंगराकडे बघायचे. कारण—"

गाडी आली.

तशीच चढाची, लांबलचक. अप्पा थांबले. उजवा हात अर्धा वर गेला होता, तो तसाच राहिला. त्यांनी आवाज चढवला नाही, घाई केली नाही, 'गाडी जाऊ द्या' असंही म्हणाले नाहीत. नुसते उभे राहिले. पहिल्यांदा लोकांना काही कळलं नाही. मग मागच्या बाजूला कोणी तरी हळूच म्हणालं, "बाळादा." दुसऱ्याने त्याच्याकडे बघितलं. डबे जात होते. अंगणातली सगळी माणसं हळूहळू गप्प झाली, पोरंसोरंसुद्धा. सगुणाबाई दाराशी बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी नेला. त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि त्या दोन्हीपैकी काही लपवत नव्हत्या.

शेवटचं इंजिन गेलं. आवाज पार विरेपर्यंत अप्पा थांबले.

"—कारण छप्पर गळलं तर एक घर भिजतं," ते म्हणाले. "आणि दरड आली, तर गाडीभर माणसं जातात. हे त्यांना घरी आल्यावरही विसरता येत नव्हतं." आणि ते खाली बसले. गाडी आल्यावर बाळाराम काय करत, हे त्यांनी सांगितलंच नाही.

"आसंच," सगुणाबाई म्हणाल्या. कोणाला उद्देशून ते कळलं नाही. "आक्षी आसंच करायचे."

जेवताना जावई अप्पांच्या पानात वाढायला आला. "अप्पा, दहाव्याचं ऱ्हायलेलं आज झालं," तो म्हणाला. अप्पांनी फक्त मान हलवली. घरी आल्यावर मात्र ते ओट्यावर बसून काकू काय म्हणतात याची वाट बघत राहिले. काकू पिशवी रिकामी करत होत्या. त्यांनी पिशवी झटकून तिची घडी घातली. मग म्हणाल्या, "आज होता हो त्यात माणूस."

पुढेही अप्पा घाटावर बोलले, पण मोजकंच. बोलावणं आलं की ते आधी त्या घरी जाऊन बसत आणि प्रश्न विचारत. काहींना ते आवडत नसे. दहा दिवसांच्या आत घरात शंभर कामं असतात. बोलावणी कमी झाली. साजगावच्या एका फोरमनच्या दहाव्याला मात्र मी होतो. तो अतिशय भांडखोर माणूस होता, माझ्याशीही दोनदा भांडला होता. अप्पा उभे राहिले आणि म्हणाले, "ते भांडायचे, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. पण ते भांडायला तुमच्या घरी यायचे. मागे कधी बोलले नाहीत. ज्यांच्याशी ते भांडले नाहीत असे इथे कोण आहेत?" एकही हात वर झाला नाही. आधी मुलगा हसला, मग घाटावर सगळेच हसले. दहाव्याला मोकळेपणी हसलेली माणसं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. हसून झाल्यावर बऱ्याच जणांनी डोळे पुसले, मीही पुसले.

त्या दिवशी परतताना मी विचारलं, "हे व्याख्यान धरायचं का?"

"अर्धं," अप्पा म्हणाले. "भांडण मी सांगितलं. ते त्यांना दिसलं नाही. माझं व्याख्यान एकच झालं, पळसदरीला. आणि त्यातलं खरं व्याख्यान ज्या वेळात झालं, त्या वेळात मी बोलत नव्हतो. आता हे तुमच्या कोशात कुठे बसतं ते बघा."

मी बघितलं नाही. ते बसणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

अप्पांना मी शेवटचं पाहिलं ते कर्जत स्टेशनवर. सकाळी फिरून झालं की ते फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसत. खोपोलीची गाडी यायला थोडा वेळ होता, म्हणून मी शेजारी बसलो. त्यांची तब्येत उतरली होती, पण आवाज तसाच होता.

"बरे भेटलात हिशोबनीस," ते म्हणाले. "परवापासून एक गोष्ट डोक्यात आहे. आपण एखाद्या माणसाबद्दल बोलतो तेव्हा खरं तर—"

पलीकडच्या रुळावरून मालगाडी आली. अप्पा थांबले. हात अर्धा वर.

तेवढ्यात माझी गाडी लागली. मी उठलो, खूण केली. त्यांनी मान हलवली, पण बोलले नाहीत. मी डब्यात चढलो आणि दारातून मागे बघितलं. मालगाडी अजून संपत नव्हती. अप्पा बाकावर ताठ बसून होते, हात तसाच, नजर समोर, आणि चेहऱ्यावर सोडलेला शब्द नीट धरून ठेवल्यासारखा भाव. आमची गाडी वळणावर जाईपर्यंत ते दिसत होते.